रांगेतला शेवटचा हात

१

घरात पाऊल टाकलं की आधी हात, मग पाणी, मग बातमी. आन्लोगा गावात हा क्रम मोडायची कुणाची छाती नाही. सित्सोफे तेमा शहरातून गाड्या बदलत, धुळीने माखून, भुकेने कावलेली अशी सासरच्या अंगणात शिरली, तरी तिला कुणी बस म्हणालं नाही. कडुनिंबाखाली बायका रांगेने बसल्या होत्या. उजव्या टोकापासून सुरुवात करायची, एकेकीचा हात हातात घेत डाव्या टोकापर्यंत जायचं आणि मगच टेकायचं.

"वाटेत बरं होतं ना?"

"बरं होतं."

"घरची माणसं?"

"आहेत."

"मुलं?"

"आहेत. ही काय एक, मागे लपलीय."

"आणि तू गं? तेमाचा पाव चांगलाच मानवलाय की तुला!" हे नणंदेचं, अकोर्फाचं. रांगभर हशा पिकला. सित्सोफेही हसली. ती पडली डोंगराकडची, समुद्रकाठच्या या लोकांच्या मते अर्धी परकीच, त्यामुळे इथे टोमणा मिळाला म्हणजे आपल्याला घरात घेतलं, असं ती समजून चालायची.

हात, हात, हात. मिठाने खरखरीत, कांद्याच्या वासाचे, ओळखीचे. शेवटी तासी आकुवी, नवऱ्याची आत्या आणि या घराची खरी मालकीण. तासीचा उजवा हात नेहमीसारखा घट्ट होता. डावा लुगड्याच्या घडीत होता, तोही नेहमीसारखाच. त्यानंतर आणखी एक हात, आणि मग पोखरून वाळवलेला, पाण्याने भरलेला भोपळा पुढे आला. सित्सोफेने पूर्वजांच्या नावाने जमिनीवर थोडं पाणी सांडलं, उरलेलं घटाघटा प्यायली.

पाणी पोटात गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तासीच्या पलीकडे कुणी नव्हतं. एक बुटकं स्टूल होतं, रिकामं, आणि त्याला लागून भिंत.

दमल्यावर माणसाला काहीही वाटतं, हे तिने स्वतःला लगेच सांगून टाकलं. तरी तिचा तळवा ओला होता. आणि तो हात लहान होता, मुलाचा असावा तसा. त्यात काहीतरी उलटंही होतं, काय ते तिला हात लुगड्याला पुसताना कळलं. अंगठा जिथे यायला हवा तिथे करंगळी आली होती. कुणीतरी तिला डावा हात दिला होता.

२

डावा हात कुणी कुणाला देत नाही. देणं-घेणं, जेवणं, वाट दाखवणं, सगळं उजव्यानं. उजवा हात कामात अडकलाच असेल, तर आधी सांगायचं, "डावा आहे हं." समोरच्याने म्हणायचं, "हातच तो." मग चालतं. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात अकोर्फा उजव्या हाताने अकप्लेचा, मक्याच्या पिठाचा गोळा घोटत होती आणि डाव्याने मीठ पुढे करत होती.

"डावा आहे हं, वहिनी!"

"हातच तो," सित्सोफे म्हणाली आणि मीठ घेतलं.

पण तिच्या यायराचं निमित्त काय सांगणार? सहा वर्षांची पोर, दोन्ही हात धडधाकट, आणि प्रत्येक गोष्टीला पुढे व्हायचा तो डावाच. जेवणाच्या भांड्यात भेंडीच्या रश्श्याशी तिने डावा हात नेला, तेव्हा आजूबाजूच्या पाच-सहा तोंडांतले घास जागच्या जागी थांबले.

तासी आकुवी मात्र मोठ्याने हसली. तिला हसल्याशिवाय काही बोलताच यायचं नाही. "अगं बाई! हिचा हात रस्ता चुकला वाटतं! चल पिल्ला, त्याला घरी पाठव, दुसऱ्याला बोलाव."

यायराने हात मागे घेतला. उजव्याने घास घ्यायला गेली, अर्धा फ्रॉकवर सांडला. सगळे हसले, प्रेमाने हसले. यायराही हसली, पण नंतर जेवली नाही.

"शनिवारी आपल्या कुळाचे तोग्बी येणार," बोटं चाटत तासी म्हणाली. "घरातले वर्षभराचे रुसवे मिटवायला. त्यांना पाणी द्यायचं काम या घरात सगळ्यात धाकट्या मुलीचं. भोपळा काठोकाठ भरलेला हवा. थेंब सांडला की वर्षभर भांडणं. आणि डाव्या हाताने दिला, तर मग विचारूच नका. तोवर हिला वळण लावू. तू काळजी नको करूस, सूनबाई."

वळण लावणं म्हणजे काय, हे सित्सोफेला ठाऊक होतं. मुलीचा हात कुणाला बांधू द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट ठरवून ती तेमाहून निघाली होती. तिने बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"तासीशी वाद नको घालूस बाई," वोर्ला तिकडून म्हणाला. "चार दिवसांचा प्रश्न आहे. मी शनिवारी येतोच आहे."

तासीने त्याला लहानाचा मोठा केला होता. अजूनही तिच्यासमोर तो खांदे पाडून उभा राहायचा.

३

पाण्याची खोली अंगणाच्या कोपऱ्यात होती. आत मातीचे मोठे रांजण अर्धे वाळूत पुरलेले, छोटी खिडकी, थंडगार काळोख. रांजणाच्या उजव्या बाजूला खिळा होता आणि त्यावर पाणी काढायचा भोपळा लटकायचा. सकाळी अकोर्फाचा आवाज आला.

"भोपळा कुणी हलवला?"

भोपळा डावीकडे होता. तिथे एक जुना गंजका खिळा होता, इतका खाली, की मोठ्या माणसाने वाकावं. अकोर्फाने यायराकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं.

"मी नाही," यायरा म्हणाली.

"नाही कशी? आमच्या घरात डावरं दुसरं कोण आहे?" अकोर्फाने तिचा गालगुच्चा घेतला आणि भोपळा उजवीकडे लावला. दुपारी तो पुन्हा डावीकडे. पुन्हा हशा, पुन्हा "मी नाही", या वेळी जरा रडक्या आवाजात.

सित्सोफेलाही आधी पोरीचाच संशय आला होता, खोटं कशाला बोला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर आडवं झालं होतं. समुद्राकडचा वारा झापांमधून घुमत होता, यायरा तिच्या कुशीत तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि पाण्याच्या खोलीतून आवाज आला. भोपळा रांजणाच्या काठावर आपटल्याचा. टक. मग पाण्याची बुडबुड. मग कुणीतरी पाणी प्यावं तसा आवाज, घाईघाईने, चोरून. आणि शेवटी खिळ्यावर, टक.

अकोर्फा असेल. सित्सोफे उठून दारापर्यंत गेली. अकोर्फा पलीकडच्या चटईवर घोरत होती. मग शेजारची कुणी पोर. मांजर? मांजराला भोपळा अडकवता येत नाही, हे तिलाही कळत होतं. ती परत येऊन पडली आणि यायराचा डावा हात आपल्या मुठीत धरून ठेवला. तो कोरडा होता, झोपेने गरम झालेला.

४

त्या संध्याकाळी तासीने पेटीतून पट्टी काढली. मागावर विणलेली दोन हात लांबीची पट्टी, कधीकाळी निळी-पिवळी असेल, आता रंग उडून गेलेला. मधोमध एक गाठ होती, ती सोडवायला तासीला दात लावावे लागले.

"मिठाच्या पाण्यात भिजवायची," ती म्हणाली. "वाळली की गाठ अशी बसते, की काय बिशाद सुटायची! अगं, असं तोंड काय करतेस? मलाही बांधली होती. मेले का मी? बघा, चांगली म्हातारी झालेय, दात पडलेत, नवरे पुरून उरलेय!"

बायका पोट धरधरून हसल्या. तासीने यायराला मांडीवर घेतलं, कानात काहीतरी सांगून गुदगुल्या केल्या, आणि तिचं खिदळणं थांबायच्या आत डावा हात कमरेशी बांधूनही टाकला. सगळं इतक्या मायेनं केलं, की मध्ये पडणारी बाई दुष्ट दिसली असती.

सित्सोफे मध्ये पडली नाही. शब्द तोंडापर्यंत आले होते. डोंगराकडची, तेमाची, शिकलेली, पोर डोक्यावर बसवलेली, एवढ्या सगळ्या टोमण्यांचा तिने आधीच हिशेब केला आणि शब्द गिळले. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

मन रमावं म्हणून ती पाणी आणायला गेली. भोपळा डावीकडच्या खिळ्यावर हेलकावत होता. कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखा.

खिळ्याखालच्या भिंतीवर ओला पंजा उमटला होता. लहान, डावा. दाराबाहेर यायरा दिसत होती, हात बांधलेली, अकोर्फाच्या पायांशी बसून उजव्या हातातल्या काठीने वाळूत रेघा ओढायला झगडत होती. सित्सोफेने आपला तळवा भिंतीजवळ नेला, पण टेकवला नाही. तिच्या डोळ्यांदेखत पंजा वाळत गेला. आधी बोटं, मग तळवा. सगळ्यात शेवटी अंगठा गेला.

५

शुक्रवारी सकाळी ती तासीबरोबर कांदे सोलायला बसली. वाफ्यांतले छोटे लाल कांदे, टोपलीभर. तासी कांदा पायाच्या बोटांत धरायची आणि उजव्या हाताने सुरी चालवायची. डावा हात घडीत.

"तासी, डावा हात दुखतो का?"

"संधिवात. कधीचाच. आणि हवाय कशाला तो? एका हातात सगळी कामं होतात की."

सित्सोफेने दोन कांदे सोलले, तिसरा नुसताच हातात धरून ठेवला. "त्या स्टुलावर कोण बसतं, तासी? तुमच्या पलीकडे?"

सुरी थांबली. तासीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आतून कुणीतरी निघून गेल्यासारखं.

"तूही धरलास?" तिने विचारलं. आवाज हलका होता, कांद्याचा भाव विचारावा तसा.

"हो."

"मग? काय म्हणालीस?"

"काही नाही. पुढे गेले."

"हं," तासी म्हणाली. "सगळे पुढेच जातात. मीसुद्धा."

अंगणात यायरा उजव्या हाताने रिकामा भोपळा धरून चालायचा सराव करत होती. दर चार पावलांनी भोपळा पडत होता आणि अकोर्फा दर वेळी टाळ्या वाजवत होती.

"कोण आहे ती, तासी?"

"डोळ्यांत पाणी येतंय बघ तुझ्या," तासी म्हणाली. "कांदा लांब धरून सोलावा. डोंगराकडे काही शिकवतच नाहीत का गं?"

६

शनिवारी अंगण फुलून गेलं. तोग्बी झिकुनू, कुळाचे प्रमुख, पांढरं वस्त्र खांद्यावर टाकून मधल्या खुर्चीत बसले. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. वोर्ला आला होता, त्याने लेकीकडे पाहिलं, बांधलेल्या हातावर नवं झुळझुळीत वस्त्र टाकलेलं पाहिलं, आणि स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला.

सित्सोफे नेमाप्रमाणे रांगेतून हात देत निघाली. वाटेत टोमणे झाले, हसणं झालं. तासी आली. तासीचा हात सोडल्यावर रांग संपते, हे तिला ठाऊक होतं. तिचा हात तरीही आपोआप पुढे झाला आणि आपोआप धरला गेला.

गार. ओला. अंगठा भलत्या बाजूला. अंगणात दुपारचं लख्ख ऊन होतं, मागे बायका कुणाच्या तरी टोपीवर खिदळत होत्या, आणि तिच्या मुठीत एक लहान डावा हात होता. तिला खाली बघायचं नव्हतं. पळून जावंसं वाटत होतं, आणि पळायला हात सोडवावा लागला असता. तिच्या मनगटाला काहीतरी खरखरीत घासलं. ओल्या पट्टीचं टोक.

तरी जे म्हणायचं असतं ते तिने म्हटलं, अगदी हळू.

"हातच तो."

मूठ तिच्या हातात एकदम आवळली गेली, आणि मग तिथे काहीच नव्हतं. तासी मान वळवून तिच्याकडे टक लावून पाहत होती.

तेवढ्यात अंगण शांत झालं. पाण्याच्या खोलीच्या दारात यायरा उभी होती, उजव्या हातात काठोकाठ भरलेला भोपळा. एक पाऊल. पाणी काठावर डुचमळलं. दुसरं पाऊल. मनगट थरथरायला लागलं, ओठ दातांखाली गेला. सगळं अंगण त्या काठाकडे बघत होतं, पोरीच्या तोंडाकडे कुणीच बघत नव्हतं.

सित्सोफे चालत गेली. भर सभेत, तोग्बींच्या समोरून, कुणाला न विचारता. मुलीपाशी गुडघे टेकले, वस्त्र बाजूला केलं आणि गाठीला दात लावले. गाठ खारट होती. मागून कुणीतरी "अगं ए!" म्हणालं. पट्टी सुटून वाळूत पडली.

यायराने भोपळा डाव्या हातात घेतला. पाणी जागच्या जागी स्थिर झालं. पोर ताठ मानेने सरळ तोग्बींसमोर गेली आणि भोपळा पुढे केला.

"डावा आहे हं, आजोबा."

तोग्बींचे हात मांडीवरच राहिले. नेहमीचेच दोन शब्द, घराघरात दिवसातून दहादा म्हटले जाणारे, पण पोरीचा उजवा हात रिकामा होता. कुणाच्या तोंडून ते निघेनात. वोर्लाने पुन्हा चपलांकडे पाहिलं. यायराचा खालचा ओठ बाहेर यायला लागला.

खुर्ची करकरली. तासी आकुवी उठली होती. ती आली, तोग्बींच्या शेजारी उभी राहिली, आणि लुगड्याच्या घडीतून तिने डावा हात बाहेर काढला.

सित्सोफे सगळ्यात जवळ होती. तिने पाहिलं ते पापणी लवण्याइतका वेळ, आणि पुढे कधी शपथेवर सांगायची वेळ आली असती तर तिने सांगितलं नसतं. सुरकुतलेल्या म्हाताऱ्या दंडाच्या टोकाला एक लहान हात होता. बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी फिकट, चुरमुडलेली. मनगटाभोवती गाठीचा वळ, ताजा.

मग तासीने भोपळा धरला, आणि तो म्हातारीचाच हात होता.

"हातच तो!" तासीचा आवाज अंगणभर घुमला. "काय तोग्बी, तहान नाही वाटतं आज?"

तोग्बींनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "आकुवी," ते म्हणाले, "तूसुद्धा?"

"या पिल्लाएवढी होते तोवर. मग वळण लागलं."

तोग्बी मोठ्याने हसले. त्यांनी भोपळा घेतला, डोळे मिटून जमिनीवर पाणी सांडलं, आणि उरलेलं प्यायले. "हातच तो," मिशी पुसत ते यायराला म्हणाले. मग सगळ्यांनाच ते म्हणायचं सुचलं. ढोल सुरू झाला. अकोर्फा यायराला खांद्यावर घेऊन नाचली, वोर्ला बायकोपाशी येऊन नुसताच उभा राहिला, आणि तिने त्याला कोपरखळी मारून रश्श्याचं पातेलं उचलायला लावलं.

७

निघायच्या दिवशी गाडीवाला फाटकाबाहेर हॉर्न वाजवत होता. यायरा आधीच आत चढून खिडकीतून डाव्या हाताने सगळ्या गावाचा निरोप घेत होती. सित्सोफे रांगेतून निघाली. अकोर्फा म्हणाली, "पुढच्या वर्षी आणखी फुगून ये!" शेवटी तासी. तासीने डावा हात पुढे केला.

अंगठा भलत्या बाजूला आला. हात उबदार होता, कोरडा, आणि कांद्याच्या वासाचा. सित्सोफेच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. तिने तासीच्या पलीकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं आणि भिंत नुसती भिंत होती.

तेवढ्यात पाण्याच्या खोलीतून आवाज आला. भोपळा रांजणाच्या काठावर आपटल्याचा. टक. मग बुडबुड.

अकोर्फा इथे होती. यायरा गाडीत. सगळ्या बायका रांगेत. सित्सोफेने तासीकडे पाहिलं.

तासीने मान वळवली नाही. "पिऊ दे गं," ती म्हणाली. "हात बांधलेली मी एकटीच थोडी होते."

बाहेर हॉर्न वाजतच होता. सित्सोफे तासीचा हात धरून तशीच उभी राहिली. या वेळी ती पुढे गेली नाही. पिणं संपून भोपळा खालच्या खिळ्याला लागल्याचा आवाज येईपर्यंत दोघी थांबल्या.